हौशी माणसाने हायब्रिड सायकल घ्यावी का? आणि घेतलीच तर पुढचा शॉक कशाला?

चाकोरीबाहेर (पुणे)

दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी विचारतं, "अधूनमधून ऑफिस, रविवारी खडकवासला, जमलं तर भाजी. कुठली सायकल घेऊ?" की लगेच कार्बनची फ्रेम, क्लीटचे बूट आणि २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) सुरू होते. विचारणारा बिचारा गपगुमान स्कूटरचा स्टार्टर दाबतो.

म्हणून माझं मत सरळ मांडतो, हाणायचं तर हाणा. अशा माणसाने हायब्रिड घ्यावी, पण पुढे शॉकॲब्सॉर्बर नसलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हायब्रिडची चाकं रोडबाईकच्या मापाची, म्हणजे ७००सी. टायर मात्र रुंद, साधारण ३२ ते ४२ मिमी. हँडल सरळ, बसणं बऱ्यापैकी ताठ. कर्वे रोडवर २५ मिमीच्या टायरची रोडबाईक काढली तर निम्मं लक्ष खड्डे आणि ड्रेनेजची झाकणं चुकवण्यात जातं. एमटीबीचे, म्हणजे डोंगरी सायकलीचे, गोट्यागोट्यांचे टायर डांबरावर घूंऽऽ करत तुमचीच ताकद खातात. हौशी माणसाला या दोन्ही टोकांची गरज नाही.

आता शॉक. दुकानात विक्रेता सर्वात आधी हँडल दोन हातांनी खाली दाबून दाखवतो, "बघा सर, किती स्मूद." पंधरा-वीस हजारांच्या सायकलीतला तो फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) म्हणजे दोन नळ्या आणि आत एक स्प्रिंग. साध्या फोर्कपेक्षा किलोभर तरी जड. चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमचा जोर चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. दोन पावसाळे काढले की आत पाणी आणि गाळ जाऊन तो आखडतो, आणि मग नुसतं वजन वाहायचं. खड्ड्याचा दणका ३८-४० मिमीचा टायर जास्त चांगला पचवतो, फक्त हवा बेताची हवी. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, रोज तेवढी भरा असा हुकूम नव्हे. पंपवाला मात्र दगड होईस्तोवर भरतो.

सिंहगड_दर_रविवारी

असहमत. तुमची मनगटं तिशीतली दिसतात. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर ते पाच-सहा पट्ट्यांचे रंबलर असतात ना, त्यावरून साध्या फोर्कची सायकल रोज घाला आणि मग बोला. माझ्या हायब्रिडला शॉक आहे, लॉकआऊट आहे. चढ आला की खटका फिरवतो, फोर्क कडक होतो, उतारावर परत मोकळा. गोळेवाडीच्या नाक्यापासून गडावर नऊ एक किलोमीटरचा चढ आहे. तो मी लॉक करून चढतो आणि उतरताना शॉकला दुवा देतो. किलोभर वजनाचं म्हणाल तर ते आपल्या पोटावरून आधी उतरवावं.

टवाळ_कार्टं

+१ पोटासाठी. शॉक पाठीमागे बसवून मिळतो का?

आजोबांची_ॲटलास (सातारा)

हा सगळा वाद पोट भरलेल्यांचा आहे. हौशी माणसाला हायब्रिडही नको. साधी काळी सायकल घ्या, मडगार्ड, कॅरियर, स्टँड, चेनकव्हर सगळं लागूनच येतं. तुमच्या हायब्रिडला यातलं एकेक वेगळं विकत घ्यावं लागतं आणि पावसात मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची उभी रेघ ठरलेली.

दुसरं म्हणजे टायर. गेल्या पावसाळ्यात पुतण्याबरोबर वाईच्या अलीकडे होतो. त्याच्या हायब्रिडचा टायर कडेने फाटला. कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान होतं, माणूस हुशार. म्हणाला, "अठ्ठावीसचा टायर आहे माझ्याकडे, बसेल." टायरवर २८ लिहिलेलं, पुतण्याच्या टायरवरही २८ लिहिलेलं. बसवला तर रिंगवर नुसता गळ्यात घातलेल्या हारासारखा लोंबकळतोय! शेवटी फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा घालून, निम्मीच हवा भरून हळूहळू साताऱ्याला आलो. माझ्या सायकलीला हे कधी होत नाही. खेड्यात कुठेही टायर, ट्यूब, छर्रे, कोन सगळं मिळतं.

काजूगर (रत्नागिरी)

काका, यात त्या दुकानदाराची चूक नाही, आकड्यांचा घोळ आहे. काळ्या सायकलीच्या २८ इंची टायरचा आतला व्यास ६३५ मिमी असतो. हायब्रिडच्या ७००सीचा ६२२. दोन्हींवर २८ छापतात. तेरा मिमीचा फरक, त्यामुळे तो लोंबकळणारच. टायरच्या कडेला बारीक अक्षरात "४०-६२२" असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. दुकानात दुसरा आकडा सांगायचा, म्हणजे वाद मिटला.

आणि एक: आजकाल पोरं २९ इंची एमटीबी घेतात ना, त्याचीही रिंग ६२२चीच. फ्रेममध्ये जागा असेल तर अडीनडीला तो टायर हायब्रिडला चालतो. तालुक्याच्या गावी २९चा टायर हल्ली मिळतो.

मुख्य प्रश्नावर माझं मत: हायब्रिड हो, शॉक नको, आणि डिस्क ब्रेकही नको. आमच्याकडे खारी हवा. आरे-वारेच्या रस्त्याने सायकल न्या, घरी येऊन धुतली नाही तर पंधरवड्यात स्क्रूची डोकी तांबूस. हायड्रॉलिक डिस्कचं तेल बदलणारा इथे शोधत फिरायचं कोणी? व्ही-ब्रेकची (रिंग दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या साध्या ब्रेकची) रबरं खिशात मावतात आणि एका ॲलन चावीने मी स्वतः बदलतो.

सिंहगड_दर_रविवारी

@काजूगर, जुलैमध्ये बोपदेव घाट उतरून दाखवा व्ही-ब्रेकवर. रिंग ओली, त्यावर लाल माती. लिव्हर दाबली की पहिली दोन-चार सेकंद काहीच होत नाही, नुसता खरखर आवाज. ती माती रिंगही खाते. डिस्कचं काम रिंगशी नसतं, म्हणून पावसात भरवसा. तेलाची कटकट नको तर केबलवाली डिस्क घ्या.

काजूगर

केबलवाल्या डिस्कचा पॅड झिजला की आतला पॅड हाताने जवळ घ्यावा लागतो. दहातल्या नऊ जणांना हे माहीतच नसतं. ते नुसती केबल ताणत बसतात आणि मग "डिस्क लागत नाही" म्हणतात. आणि आम्हाला घाट कुठे, आम्हाला घाट्या! पन्नास मीटर चढा, पन्नास मीटर उतरा, खाली खाडी, तिथे फेरीबोट. जयगड-तवसाळच्या बोटीत सायकल घालून पलीकडे गेलं की पुन्हा तेच. त्यामुळे मला ब्रेकपेक्षा गिअरची काळजी जास्त.

शेवंती (ठाणे)

इतका वेळ वाचतेय. फोर्क, ब्रेक, टायर, आणि माप? एकानेही फ्रेमच्या मापाबद्दल लिहिलं नाही. कारण तुम्ही सगळे पाच-आठ, पाच-नऊ असणार आणि दुकानात ठेवलेली कुठलीही "एम" तुम्हाला बसते.

माझी उंची पाच फूट एक. दुकानात मला आधी टोपली लावलेली, बिनागिअरची गुलाबी "लेडीज" दाखवली. नको म्हटल्यावर थेट मोठ्या मापाची हायब्रिड काढली आणि "सीट खाली घेतो मॅडम, बसेल" म्हणाले. सीट खाली घेतल्याने दांडा खाली येत नाही हो! सिग्नलला थांबले की पाय टेकवायला सायकल एका बाजूला पाडावी लागायची. आणि हँडल इतकं लांब की अर्ध्या तासात मान आणि खांदे भरून यायचे. त्या माणसाचं म्हणणं, सवय होईल.

घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून दांड्यावर उभं राहा, मध्ये दोन-तीन बोटं तरी जागा हवी. मग सीटवर बसून टाच सर्वात खालच्या पायडलवर ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे. चवड्याने चालवायला लागलात की तेवढाच किंचित वाकतो. तिसरं, हँडल धरल्यावर कोपर सैल राहिलं पाहिजे. हे जमत नसेल तर शॉक असो नसो, ती सायकल पार्किंगमध्ये धूळ खाणार. काही कंपन्या उतरत्या दांड्याच्या हायब्रिड काढतात, गिअर वगैरे सगळं तेच. पंजाबी ड्रेसवर, कुर्त्यावर सोपी पडते. पुरुषांनाही गुडघा धरल्यावर सोपी पडेल, पण "लेडीज" म्हणतील म्हणून घ्यायचे नाहीत.

आणि ती गादीसारखी जाड जेल सीट घेऊ नका. पहिली पंधरा मिनिटं छान, नंतर मांड्या घासतात.

चाकोरीबाहेर

शेवंतीताई, मापाचं शंभर टक्के मान्य. माप बसत नसेल तर प्रकारावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

निम्नदेशी (आइंडहोवन)

इकडे बसून गंमत वाटते. इथे ज्याला तुम्ही हौशी म्हणता तो माणूस हायब्रिड किंवा रोडबाईकच्या भानगडीत पडतच नाही. आजी चालवते तशी उंच हँडलची, बंद चेनकव्हरची सायकल, वजन वीस किलोच्या आसपास. गिअर तीन किंवा सात, तेही मागच्या चाकाच्या मधल्या हबच्या पोटात. पाऊस लागत नाही, चिखल लागत नाही, वर्षभर हात लावावा लागत नाही. त्यावर पोरं शाळेत जातात, बायका-पुरुष सुटाबुटात ऑफिसला जातात. साताऱ्याचे काका बरोबर बोलत आहेत. रोज वापरायची सायकल कंटाळवाणी असावी.

गोदाकाठ (नाशिक)

तुमच्या आइंडहोवनला चढ म्हणजे पूल. वाऱ्याचा त्रास असेल, पण वीस किलो घेऊन पांडवलेणीच्या टेकडीखालून रोज घरी जाऊन बघा.

आमच्याकडे वेगळाच आजार. महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, देश आडवा ओलांडायची सायकल शर्यत) दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, अभिमानाची गोष्ट. पण त्यानंतर ज्याला गंगापूर धरणापर्यंत जाऊन मिसळ खायची आहे त्यालाही ड्रॉपबारची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, रोडबाईक हवी झाली. त्या मानाने हायब्रिड परवडली, इतपत धागाकर्त्याशी सहमत.

पण माझा पर्याय वेगळा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी धडाधड सायकली घेतल्या. प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच-सहा एमटीबी हवा जाऊन टायर बसलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. त्यातली एक निम्म्या-पाव किमतीत उचला, गोट्यांचे टायर काढून दीड इंची गुळगुळीत टायर घाला. झाली हायब्रिड. वर चढावर हायब्रिडपेक्षा हलकी चालते.

हिशेब सांगतो. बऱ्याच स्वस्त हायब्रिडला पुढची सर्वात लहान चक्री २८ दातांची आणि मागची सर्वात मोठीही २८ची. म्हणजे पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी, सायकल पुढे सरकते जवळजवळ २.२ मीटर. २६ इंची एमटीबीला पुढे २४, मागे २८. एका फेरीत पावणेदोन मीटरच. पोट सुटलेल्या हौशी माणसाला चढावर हाच फरक कळतो, शॉकचा नाही.

संत्रं (नागपूर)

काय बाप्पा, आमच्या इकडे चढच नाही, गिअर तरी काहून घ्यावे? मे महिन्यात ४५ डिग्रीत कोणती सायकल चांगली ते सांगा.

टवाळ_कार्टं

@संत्रं, एसीवाली.
@आजोबांची_ॲटलास, काका, तुमच्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. नेमका जागतिक सायकल दिन होता. दिवा घ्या (म्हणजे हलकं घ्या).

आजोबांची_ॲटलास

माहीत आहे. कारखाना बंद पडला, सायकल चालू आहे.

चाकोरीबाहेर

गोदाकाठ, हिशेब चोख आहे, पण त्यातून निष्कर्ष चुकीचा काढलात. हायब्रिडच्या मागे १४-२८ ऐवजी १४-३४ची फ्रीव्हील (मागच्या चक्र्यांचा संच, आकडे दातांचे) बसवा. पुढे २८, मागे ३४, एका फेरीत १.८ मीटर. झाली की एमटीबीच्या बरोबरीला! खर्च हजाराच्या आतबाहेर, फक्त मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ३४ दात झेलणारा आहे ना ते मेकॅनिकला विचारा, आणि चेन तोकडी पडत असेल तर तीही बदला. एमटीबीला गुळगुळीत टायर घालूनही तो जड शॉक फोर्क तसाच राहतो. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

साताऱ्याच्या काकांचा मडगार्डचा मुद्दा मात्र सोडता येत नाही. दुकानात विचारा, फोर्कच्या आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ स्क्रूची भोकं आहेत का. असतील तर पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि कॅरियर पक्के बसतात. नसतील तर ते क्लिपवाले प्लॅस्टिकचे तुकडे घ्यावे लागतात, जे पहिल्याच स्पीडब्रेकरला वाकडे होतात. आणि सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलावर बघून घ्या.

सिंहगड_दर_रविवारी

मुद्दा बिद्दा काही नाही, तुम्ही सर्व्हिस रोडवर या. रविवारी सकाळी सहा, वारजे पूल. तुमची साधी फोर्कवाली मी चालवतो, माझी शॉकवाली तुम्ही.

शेवंती

आधी एकमेकांची उंची विचारून घ्या.

गोदाकाठ

आणि जुनी बघायला जाणाऱ्यांसाठी: चाक हातात उचलून फिरवा, ब्रेकच्या रबराजवळ रिंग डावी-उजवीकडे लचकत असेल तर आऊट आहे. ती निघते, घाबरू नका. पण फ्रेमच्या सांध्यापाशी, विशेषतः हँडलच्या खाली, रंगाला केसासारखी चीर दिसली तर कितीही स्वस्त मिळो, तिथूनच परत फिरा.