मूकपटांतील सुलोचना: बोलपटाने त्यांची कारकीर्द खरोखर संपवली का?

प्रश्न – जुनेपाने

मूकपटांच्या काळातील सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांच्याविषयी (मराठी चित्रपटांत आईच्या भूमिका गाजवणाऱ्या सुलोचनादीदींविषयी नव्हे) जेथे वाचावे तेथे एकच हकिगत आढळते: बगदादी ज्यू कुटुंबात जन्म, हिंदुस्थानी भाषेवर प्रभुत्व नाही, १९३१ मध्ये पहिला बोलपट ‘आलम आरा’ आला आणि त्यांचे दिवस फिरले. परंतु १९३२ ची बोलकी ‘माधुरी’, १९३४ चा ‘इंदिरा एम.ए.’, १९३५ ची ‘अनारकली’ आणि १९३६ ची ‘बंबई की बिल्ली’ या चारही चित्रपटांच्या नायिका त्याच होत्या. मग भाषेमुळे त्यांचा अस्त झाला, हे म्हणणे कसे टिकते? आणि भाषेमुळे नसेल, तर कशामुळे? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – रिळवाला

ते टिकत नाहीच. मात्र अस्ताचे कारण शोधण्याआधी त्यांचा उदय कशावर झाला होता, हे पाहिले पाहिजे.

१९०७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करत असताना कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटात काम करण्याविषयी विचारले. अभिनय हा त्या काळी घरंदाज स्त्रियांचा व्यवसाय समजला जात नसल्याने त्यांनी आधी नकार दिला आणि भवनानींनी पिच्छा सोडला नाही तेव्हा होकार दिला. १९२५ च्या ‘वीर बाला’पासून त्यांचे नाव झाले. त्यानंतरच्या ‘टायपिस्ट गर्ल’, ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ आणि ‘इंदिरा बी.ए.’ या नुसत्या शीर्षकांवरूनही लक्षात येते की प्रेक्षकांना पडद्यावर हवी होती ती शहरातली, नोकरी करणारी, शिकलेली, मोटार चालवणारी तरुणी. आणि ती साकारायला त्यांच्याइतकी योग्य नटी दुसरी नव्हती. ‘वाइल्डकॅट’मध्ये तर त्यांनी आठ भूमिका केल्या, ज्यांत माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ आणि सोनेरी केसांची युरोपीय स्त्रीसुद्धा होती. पुढे त्या अर्देशिर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीत गेल्या आणि नट डी. बिलिमोरिया यांच्याबरोबर त्यांची पडद्यावरची जोडी जमली. १९२८ मध्ये एका प्रतिस्पर्धी कंपनीची सीतादेवी-अभिनीत अनारकलीकथा तयार होत असताना इम्पीरियलने घाईघाईने सुलोचनांची ‘अनारकली’ आधी पडद्यावर आणली, ही त्या काळच्या धंद्याची चुरस होती. गांधीजींच्या हस्ते झालेल्या खादी प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या लघुपटाला मूक ‘माधुरी’तील त्यांचे नृत्य जोडून दाखवण्यात आले होते, यावरून लोकप्रियतेचा अंदाज करावा. (गांधीजींना हे कळले असते तर काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.)

उत्तर – बोलपटप्रेमी

रिळवाला यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी भाषेचा मुद्दा इतका सहज झटकून टाकता येणार नाही. ‘आलम आरा’ ही इम्पीरियलचीच निर्मिती, सुलोचना त्याच कंपनीच्या सर्वांत मोठ्या तारका, आणि तरीही नायिकेची भूमिका मिळाली झुबैदा यांना. सुलोचनांनी त्यानंतर सुमारे एक वर्ष बाजूला राहून हिंदुस्थानीचा अभ्यास केला आणि मगच ‘माधुरी’ केला. महिना पाच हजार रुपये पगार, जो मुंबईच्या गव्हर्नरच्या वेतनाहून अधिक असल्याची वदंता होती, हा त्यांचा थाट या पुनरागमनानंतरही टिकला. म्हणजे भाषेने त्यांना अडवले ते थोडा काळ.

जुनेपाने

दोघांचेही आभार. तरीही १९३६ नंतर असे काय घडले, हा माझा प्रश्न उरतोच.

उत्तर – रिळवाला

आपण जी चार नावे दिली आहेत, त्यांतच बरेचसे उत्तर आहे. ती चारही त्यांच्या जुन्या यशाचीच पुन्हा काढलेली रूपे होती: ‘माधुरी’ आणि ‘अनारकली’ आधीचीच, ‘इंदिरा’ बी.ए.ची एम.ए. झाली आणि ‘वाइल्डकॅट’ हिंदी शीर्षक घेऊन परतली. इम्पीरियलने त्यांच्यासाठी नवे काही फारसे शोधले नाही. ओळखीच्या कथांना आवाज जोडण्यावर भागवले. दरम्यान प्रेक्षकांची आवड बदलत होती. प्रभातच्या शांता आपटे स्वतः गात होत्या आणि १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी उभी केलेली विषम विवाहाविरुद्धची बंडखोर नीरा ही मराठी प्रेक्षकांना आपल्या घरातली वाटली, १९३६ मध्ये बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’त देविका राणींना खेड्यातली दलित मुलगी म्हणून पुढे आणले. यांच्यापुढे टायपिस्ट तरुणीची नवलाई ओसरली. त्यातच १९३८ मध्ये इम्पीरियल बंद पडली. स्टुडिओच्या पगारावर आणि एका ठरावीक जोडीवर उभी राहिलेली कारकीर्द स्टुडिओ बुडाल्यावर वेगळी तगणे कठीणच होते.

उत्तर – बोलपटप्रेमी

हे मला पटते. एक भर घालतो: १९५३ च्या ‘अनारकली’त बीना रॉय नायिका होत्या आणि सुलोचना तेथे दुय्यम भूमिकेत दिसल्या. त्या पूर्णपणे विस्मृतीत गेल्या, असे जे लिहिले जाते ते मात्र अतिशयोक्तीचे आहे, कारण लहानसहान भूमिका त्या पुढेही करत राहिल्या, १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्याला त्यांच्या अभिनयाविषयी स्वतःचे मत बनवायचे असल्यास अडचण वेगळीच आहे: आपल्याकडच्या मूकपटांची बहुतांश रिळे नष्ट झाली असल्याने १९२५ ते १९३० मधील सुलोचनांविषयी आपण जे बोलतो ते मुख्यत्वे छायाचित्रे, जाहिराती आणि समकालीनांचे लेखन यांच्या आधारावर.