क्रिएटिनिन स्थिर असताना किडनीची बायोप्सी कशासाठी?

गाळणी:
प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात, काही तक्रार नसताना आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) स्थिर असतानाही, ठरलेली बायोप्सी (सुईने किडनीचा तुकडा काढून तपासणं) करायची पद्धत काही केंद्रांत आहे. माझ्या मते ती बंद करून दात्याच्या डीएनएची रक्तचाचणी सुरू करावी. नव्या किडनीतल्या पेशी मेल्या की त्यांच्या डीएनएचे तुकडे रुग्णाच्या रक्तात उतरतात आणि काही तासांत नाहीसे होतात. त्यामुळे आजचा आकडा आजची इजा सांगतो. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. रक्तातल्या मुक्त डीएनएत दात्याचा वाटा १ टक्क्याच्या वर गेला की संशय घ्यायचा. अमेरिकेतल्या २०१७ च्या डार्ट अभ्यासात, आकडा याखाली असेल तर प्रतिपिंडजन्य रिजेक्शन (शरीराने प्रतिपिंडं बनवून नवी किडनी नाकारणं) नाही, हा अंदाज ९६ टक्के वेळा बरोबर ठरला. सुई नको, रक्तस्राव नको, ए-व्ही फिस्टुलाची (सुईमुळे धमनी आणि शीर जोडली जाण्याची) धास्ती नको.

काचपट्टी:
ठाम असहमत. त्याच अभ्यासातले बाकीचे आकडेही मांडा. प्रतिपिंडजन्य रिजेक्शनमध्ये मध्यक २.९ टक्के, टी-पेशींच्या (पांढऱ्या पेशींनी केलेल्या) रिजेक्शनच्या १बी आणि त्यापुढच्या तीव्र प्रकारांत १.२, पण सौम्य १ए मध्ये फक्त ०.२. रिजेक्शन नसलेल्यांचा मध्यक ०.३ होता! म्हणजे १ए या चाचणीला दिसतच नाही. आणि तिसऱ्या महिन्याच्या बायोप्सीत आपण शोधतो ते नेमकं हेच: १ए आणि बॉर्डरलाइन (रिजेक्शनच्या उंबरठ्यावरचे बदल).

दुसरं, आकडा वाढला तरी कशामुळे ते कळत नाही. टी-पेशींच्या रिजेक्शनला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे तीन डोस, प्रतिपिंडजन्य असेल तर प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव बदलून प्रतिपिंडं काढणं) आणि आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं), बीके विषाणू असेल तर उलट प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची. चुकून बीकेला स्टेरॉइड दिलं तर विषाणूला मोकळं रान मिळतं. हा फरक सी४डी (प्रतिपिंडांची खूण) आणि एसव्ही४० (बीकेची खूण) चे रंग लावलेली बायोप्सीची काचच दाखवते.

गाळणी:
काच तरी कुठे एकमताने बोलते? बॉर्डरलाइनवर दोन पॅथॉलॉजिस्टचं जुळत नाही. रिजेक्शन ठिपक्याठिपक्याने असतं, सुई नेमकी चांगल्या भागात गेली की रिपोर्ट स्वच्छ. हृदयाच्या बाबतीत २०१० च्या इमेज अभ्यासात ६०२ रुग्णांवर बायोप्सीऐवजी रक्तचाचणी तपासली गेली, जरी ती दात्याच्या डीएनएची नव्हती. रक्तातल्या जनुक-चाचणीवर ठेवलेल्यांच्या बायोप्सी खूप कमी झाल्या आणि त्यांचं काही जास्त बिघडलं नाही.

काचपट्टी:
इमेजमधले रुग्ण प्रत्यारोपणाला सहा महिने उलटून गेलेले आणि कमी जोखमीचे होते. तो निष्कर्ष तिसऱ्या महिन्याच्या किडनीला लावता येत नाही.

सुई चांगल्या भागात जाते हे खरं, म्हणून तर दोन तुकडे घ्यायचे. बान्फच्या (प्रत्यारोपित अवयवांच्या बायोप्सीच्या आंतरराष्ट्रीय) निकषाने १० ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे गुच्छ) आणि २ धमन्या हव्यात. ७ आणि १ ही किमान मर्यादा. सोनोग्राफीखाली १६ किंवा १८ गेजची सुई कॉर्टेक्सला (किडनीच्या बाहेरच्या थराला) तिरकी लावावी. सरळ खोल घातली की मेड्युला (आतला भाग) येतो आणि तुकडा वाया जातो. खाटेजवळच भिंगाखाली तुकडा बघा, ग्लोमेरुलस लालसर ठिपक्यांसारखे दिसतात. ते दिसले नाहीत तर सुई आवरायच्या आधी दुसरा तुकडा घ्या. रक्तदाब चढलेला असताना किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असताना घाई केली की रक्तस्राव होतो. दोष सुईचा नसतो, तयारीचा असतो.

रक्तनळी:
प्रयोगशाळेच्या बाजूने सांगतो. ही चाचणी नमुन्यातच बिघडते. साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं की रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि दात्याची टक्केवारी खोटी खाली येते. गडचिरोलीहून नमुना पुण्या-मुंबईला यायचा असेल तर पेशी स्थिर ठेवणारीच नळी घ्या, भरल्यावर आठ-दहा वेळा हळुवार उलटी करा. बर्फाच्या डब्यात अजिबात घालू नका. टक्केवारीबरोबर मिलिलिटरमागे दात्याच्या डीएनएच्या किती प्रती आहेत तेही मागा. संसर्गात रुग्णाचा स्वतःचा डीएनए वाढतो आणि रिजेक्शन झाकलं जातं.

आपल्याकडे बहुतेक किडन्या नात्यातल्या जिवंत दात्यांच्या. आईची किडनी मुलाला दिली की दोघांच्या डीएनएत वेगळ्या खुणा कमी उरतात. फॉर्मवर नातं लिहिलं नाही तर हिशेब चुकतो. जुळ्या एकसारख्या भावाची किडनी असेल तर चाचणी निरुपयोगी. पहिले दोन आठवडे आकडा तसाही चढलेला असतो. बायोप्सीनंतरही तो वाढतो, म्हणून रक्त आधी काढा.

गाळणी:
हे सगळं मान्य, पण डीएसए (दात्याविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह रुग्णाचं काय? क्रिएटिनिन १.२ वर स्थिर, प्रतिपिंडं मात्र नवी उगवलेली. त्याला वर्षभर थांबवायचं?

काचपट्टी:
नाही. तिथे तुमची चाचणी जरूर करा. आकडा १ च्या वर असेल तर त्याच आठवड्यात बायोप्सी. खाली असला तरी टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) ट्रफ पातळी बघा, सकाळची गोळी घेण्याआधीची. नवी डीएसए उगवते ती बहुधा गोळ्या चुकल्यामुळे. बाराव्या महिन्याची बायोप्सी कमी जोखमीच्या रुग्णात सोडायला मी तयार आहे. तिसऱ्या महिन्याची नाही.