पात्राचा भूतकाळ कथेत किती आणि कुठे आणावा? सल्ला हवा आहे

मंडळी, ४,००० शब्दांची एक कथा लिहून झाली आहे. नायिकेचं लहानपण कर्जबाजारी घरात गेलंय. वसुलीची माणसं दार वाजवायची आणि आई मुलांना गप्प बसवायची. पहिले ९०० शब्द या आठवणींतच जातात. मैत्रिणीने वाचून विचारलं, "कथा सुरू कुठे होते?" मन खट्टू झालं, पण तिचं बरोबर आहे. आठवणी काढल्या तर नायिका नुसतीच विक्षिप्त वाटते. कसं करू?

प्रतिसाद १
आठवणी सांगण्याआधी तिच्या अंगात काय मुरलंय ते दाखवा. उदाहरणार्थ:

"बेल वाजली. तिने आधी टीव्हीचा आवाज बंद केला, मग मुलाच्या तोंडावर हात ठेवला. बाहेरून शेजारणीची हाक आली तेव्हा कुठे कडी काढली."

इथे वाचक स्वतःच विचारतो, हिला झालंय काय? हा प्रश्न पडल्यावर त्याला भूतकाळ हवासा वाटतो. त्याआधी सांगितलात तर ते पाल्हाळ. आणि कृपा करून "तुला तर माहीतच आहे ताई, बाबांनी कर्ज काढलं तेव्हा..." असे संवाद नकोत. दोघींनाही ठाऊक असलेलं कुणी असं बोलत नाही.

प्रतिसाद २
थोडं वेगळं मत. लांब आठवण वाईटच असते असं नाही. होमरच्या 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या १९व्या सर्गात म्हातारी दाई पाहुण्याचे पाय धुताना त्याच्या मांडीवरचा जुना व्रण ओळखते. तिथेच होमर थांबतो आणि रानडुकराच्या शिकारीत ती जखम कशी झाली हे ७०हून जास्त ओळींत सांगतो. मग दाईच्या हातून पाय सुटतो, भांडं कलंडतं, पाणी सांडतं. इतकं लांबलं तरी ते चालतं, कारण हा पाहुणा म्हणजे आपला मालकच, हे तो व्रणच तिला सांगतो. तुमच्या आठवणीमुळे चालू प्रसंगात काही बदलतंय का, ते बघा. बदलत असेल तर शब्द मोजू नका.

प्रतिसाद ३
मी सगळा भूतकाळ वेगळ्या वहीत लिहिते, अगदी भरभरून. मग तो वगळून कथा नव्या वाचकाला देते. तो जिथे अडतो तिथेच एकदोन वाक्यं परत घालते. मात्र कथा प्रथमपुरुषी असेल आणि निवेदकाला सगळं माहीत असेल, तर केवळ उत्कंठेसाठी लपवू नका. वाचकाला ती फसवणूक वाटते.

धागाकर्ती
मनापासून आभार. पहिले ९०० शब्द वहीत हलवले, कथा आता बेलपासून सुरू होते. आईचं एक वाक्य मात्र सोडवत नाही: "श्वाससुद्धा हळू घ्या." ते कुठे ठेवू?

प्रतिसाद १
ती मुलाच्या तोंडावरचा हात काढते तिथे.