अनुभव धागा: मुंबई–नागपूर, दीड तास म्हणजे नक्की किती?

मुंबई–नागपूर हवाई अंतर साधारण 685 किलोमीटर. तिकिटावर दीड तास. मागच्या आठवड्यात मी घड्याळ लावून पाहिलं. डोंबिवलीतून 3:40 ला निघाले, विमान 6:25 चं, मनीषनगरला आईच्या दारात 8:40. झाले पाच तास! त्यातला हवेतला वेळ जेमतेम सव्वा तास. तुमचा हिशोब सांगा, घर ते घर.

ठाणे, महिन्यातून दोनदा
जाताना एवढं जाणवत नाही, खरी मजा परतताना. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि वर रांग लागते. परवा तीच खाडी, तोच पूल खिडकीतून तीनदा दिसला. शेजारचे काका म्हणाले, "प्रदक्षिणा चालू आहे, नारळ कुठे फोडायचा?" वेळापत्रकात हा वेळ आधीच धरलेला असतो, म्हणून उशीर होऊनही विमान कागदावर वेळेत पोचतं! त्यात हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो वेगळाच.

धरमपेठ
आमचे बाबा विमानाचं नाव काढू देत नाहीत. विदर्भ एक्स्प्रेस, खालचा बर्थ, डब्यात पोळी आणि झुणका. रुळाने अंतर 837 किलोमीटर, रात्र सगळी गाडीत. पण झोपेत गेलेला वेळ मोजायचाच नसतो म्हणे. आता यावर काय बोलता!

वर्धा
समृद्धी जून 2025 मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून आम्ही कारनेच. 701 किलोमीटर, इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा धरून. रस्ता झकास, पण इतका सरळ की डोळे मिटतात, त्यामुळे दर दोन तासांनी चहा सक्तीचा. शिवाय महामार्ग आमण्याला संपतो, पुढे ठाण्याच्या कोंडीत आमचा दीड तास गेला. तरी कारच बरी. संत्र्यांच्या दोन पेट्या डिकीत टाकल्या की झालं. विमानाच्या पंधरा किलोंत एक पेटी टाकली तर कपडे कुठं न्याचे बाप्पा?

विलेपार्ले
आजी गेल्याचा फोन रात्री साडेदहाला आला. शेवटचं विमान सुटलेलं. पहाटेचं मिळालं, दहनाच्या आधी पोचले. तिकीट किती पडलं ते आठवत नाही. मधले सात तास घरात चपला घालूनच बसले होते, तेवढं आठवतं.

अमरावती
आम्ही नागपूरला उतरलो तरी पुढं दीडशे किलोमीटर उरतेच. 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला. विमान पंख्याचं, जेटपेक्षा हळू. पण उतरल्यावर वीस मिनिटांत घरी. फक्त ते रोज नाही, म्हणून आता सुट्टी विमानाचा वार पाहून काढून राहिलो.