नेट गेलं की अ‍ॅप बंद? धंद्याच्या अ‍ॅपमध्ये हे चालवून का घ्यायचं?

मखमलाबादकर:
धंद्यासाठी अ‍ॅप बनवून घ्यायला गेलं की कोटेशनमध्ये हल्ली एक ओळ हमखास असते, ‘ऑफलाइन सपोर्ट, वेगळा चार्ज’. माझं मत विचाराल तर ही ओळ दिसली की कोटेशन परत करावं. ऑफलाइन हे मागाहून चिकटवायचं काम नाहीच. डेटा कुठे राहणार, नोंदीला नंबर कोण देणार, दोघांनी एकच गोष्ट बदलली तर कुणाचं खरं धरायचं, हे कोड लिहायला बसण्याआधी ठरवावं लागतं. नंतर करायला घेतलं तर निम्मं अ‍ॅप पुन्हा लिहितात आणि त्याचेही पैसे तुमच्याकडूनच घेतात.

लोकांना वाटतं नेट नसणं म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं पेठ, सुरगाणा, हरसूल. तिकडे आहेच. पण दिंडोरी रोडला द्राक्षाच्या कुठल्याही पॅकहाऊसच्या प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल गार करायच्या खोलीत, शिरून बघा. तिथल्या भिंतींच्या पफ पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, दार ओढलं की रेंज गुल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये आणि तळघरातल्या गोदामात तीच गत. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट नेट. वर दोन काड्या दिसतात, अ‍ॅपला वाटतं सगळं ठीक आहे, आणि चक्र गोल गोल फिरत बसतं. ऑर्डर घेणारा पोरगा वैतागून ‘पाठवा’ परत दाबतो. पहिली ऑर्डर सर्व्हरला पोचलेली असते, फक्त पोच परत आलेली नसते. झाल्या दोन ऑर्डरी. वीस खोक्यांची चाळीस होऊन दुकानदार टेम्पोवाल्याच्या अंगावर जाताना मी बघितलाय, टेम्पोवाल्याचा काडीचा संबंध नसताना.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. माणूस जे भरतो ते आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये पक्कं लिहायचं. एस्क्यूलाइट अँड्रॉइडमध्येही असतं आणि आयफोनमध्येही, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. त्याच्या शेजारी ‘पाठवायच्या नोंदीं’ची रांग. नेट मिळेल तशी ती सरकते. प्रत्येक नोंदीला फोनच एक लांबलचक क्रमांक देतो, यूयूआयडी, जो दुसऱ्या कुठल्या नोंदीला येण्याची शक्यता जवळपास शून्य. तोच क्रमांक सर्व्हरला पुन्हा दिसला तर तो फक्त ‘मिळालंय’ म्हणतो, दुसऱ्यांदा चढवत नाही. स्क्रीनवर कायम फोनमधलंच दिसतं. नेट आहे का नाही हा विचार वापरणाऱ्याला करावा लागताच कामा नये.

जावा_मिसळ:
शेवटच्या वाक्यावर माझा कडकडीत विरोध. त्याला तो विचार करावाच लागला पाहिजे! तुझं अ‍ॅप हिरवी टिक दाखवतं, सेल्समन खूश, दुकानदार खूश, आणि रात्री कळतं की माल नाहीच. गोदामात सूर्यफूल तेलाचे दहा डबे, तीन सेल्समन, तिघांनी आठ-आठ विकले. आता चोवीस डबे आणायचे कुठून?

ही कोडची चूक नाही, असं होणारच. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअरने २००० साली मांडलं आणि गिल्बर्ट-लिंच जोडीने २००२ मध्ये सिद्ध केलं, की मधला दुवा तुटला की दोनातलं एकच मिळतं. एक तर काम चालू ठेवा, नाहीतर सगळीकडे एकच खरा आकडा ठेवा. तू पहिलं निवडलंस आणि गिऱ्हाइकाला दुसरंही मिळेल असं भासवतोयस.

शिवाय खर्च. सिंक म्हणजे फोन आणि सर्व्हरचा डेटा जुळवणं, त्यातले झगडे सोडवणं, जुन्या आवृत्तीचं अ‍ॅप आठवड्याने नेटवर आलं तर काय, याचं टेस्टिंग मूळ अ‍ॅपपेक्षा जास्त वेळ खातं. कॉलेज रोड ते नाशिकरोड एवढ्यातच माल टाकणाऱ्याला हे सगळं कशाला हवंय? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, शहरात रेंज बरी आहे. दोन मिनिटं थांब, परत दाब.

तेलडबा:
मीच तो डबेवाला समजा, एजन्सी तेल-साबण-बिस्किटाची आहे. मिसळभाऊ, तुमचं गणित बरोबर, पण आमचा धंदा तसा चालत नाही. सेल्समनने घेतलेली ऑर्डर म्हणजे वचन नव्हे. रात्री गोदामवाला सगळ्या ऑर्डरी समोर घेऊन बसतो आणि कमी पडणाऱ्या मालाला कट मारतो. आठ मागणाऱ्याला तीन, पाच मागणाऱ्याला दोन, आणि ज्याची उधारी थकलीय त्याला काहीच नाही. वहीच्या काळापासून हेच चाललंय. दहा डबे असताना चोवीसची मागणी आली, हे तर मला कळायलाच हवं. तुमचं अ‍ॅप ‘स्टॉक नाही’ म्हणून ऑर्डरच घेणार नसेल तर उद्या किती मागवायचे ते मला कसं समजणार?

व्हॅन सेलचं निराळं. तिथे माल गाडीत असतो आणि बिल जागेवर. पण गाडीतला माल त्या गाडीच्याच फोनचा, दुसरा कुणी त्याला हात लावत नाही. मग भांडण कुणाशी होणार?

मखमलाबादकर:
तेलडबा, व्हॅनचा मुद्दा लाखमोलाचा. मालाचा मालक एकच फोन असेल तर ऑफलाइनचं निम्मं दुखणं तिथेच संपतं.

गोदामाच्या बाबतीत मिसळला एवढंच सांगतो की शिल्लक पाठवायची नाही, हालचाल पाठवायची. दोन फोननी ‘शिल्लक २’ असं लिहून पाठवलं तर सर्व्हर शेवटचं आलेलं धरतो, आठ डबे हवेत विरतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दोघांनी ‘वजा ८’, ‘वजा ८’ पाठवलं तर शिल्लक उणे ६ येते. दिसायला वाईट दिसतं, पण सहा डबे कमी पडतायत हे मालकाला त्या रात्रीच समजतं.

हिशेबनीस:
डब्यांचं ठीक आहे. बिलाच्या नंबरचं बोला. फोनने दिलेला तो लांबलचक क्रमांक मी जीएसटीच्या रिटर्नमध्ये टाकू का? नियम ४६ प्रमाणे बिलाला ओळीने चालणारा क्रमांक लागतो, तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. यूयूआयडी छत्तीस अक्षरांचा. सर्व्हरने नंबर द्यायचा तर नेट हवं. म्हणजे तुमची ऑफलाइन गाडी पहिल्याच बिलाला अडकली.

मखमलाबादकर:
नाही अडकत. त्याच नियमात ‘एक किंवा अनेक मालिका’ असं लिहिलंय. प्रत्येक गाडीला स्वतःची मालिका द्या, व्ही३/२५-२६/००४१ अशी. तेरा अक्षरं होतात. यूयूआयडी आत राहू दे, तो छापायचा नाही. फोन बदलला तर नवी मालिका सुरू करायची, जुनी पुढे ओढायची नाही. नाहीतर एकच नंबर दोन बिलांवर गेलाच म्हणून समजा.

हिशेबनीस:
बरं, हे मान्य. आता पुढचं. ज्याची उलाढाल पाच कोटींवर आहे त्याला १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत दुकानदाराच्या बिलावर सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टलने दिलेला क्रमांक, आयआरएन, लागतो. तो नसेल तर कायद्याच्या नजरेत ते बिलच नाही, आणि पोर्टल नेटशिवाय काही देत नाही. हरसूलच्या दुकानात ब्लूटूथ प्रिंटरवर तुम्ही कितीही सुबक कागद काढा, दुकानदाराला त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळायचं नाही.

गाडी डिलिव्हरी चलानवर काढता येते, आणि माल काढताना बिल करता येत नसेल तर ते डिलिव्हरीनंतर करण्याची सोय नियम ५५ मध्ये आहे. पण मग अ‍ॅपने ऑफलाइन असताना ‘टॅक्स इन्व्हॉइस’ हे शब्द छापायचेच नाहीत. किती अ‍ॅपवाले एवढं बघतात? मी ज्यांचे हिशेब बघतो त्यांच्यातल्या एकाचं अ‍ॅप बिनधास्त छापतं. आयआरएनचा रकाना कोरा, खाली ‘धन्यवाद, पुन्हा भेटा’.

जावा_मिसळ:
हेच तर म्हणतोय मी! ‘सगळं ऑफलाइन’ हे विकायला सोपं वाक्य आहे.

घाटवाट:
सेल्समन आहे, पेठ-सुरगाणा लाइन करतो. तुम्ही सगळे मोठी मोठी गणितं मांडताय, आमचं रोजचं दुखणं वेगळंच आहे. अ‍ॅप म्हणे ऑफलाइन चालतं. सावळ घाट चढून गेलो, अ‍ॅप उघडलं, तर ‘सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा’. लॉगिनला ओटीपी. ओटीपीला रेंज. मग काय, वहीच काढायची.

दुसरं, हजेरी. नकाशा लोड होत नाही म्हणून हजेरी लागत नाही आणि दिवस बिनपगारी. जीपीएसला नेट लागत नाही हो, उपग्रहावरून येतं ते! नेट नसलं तर जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो एवढंच. नकाशाचं चित्र नको आम्हाला, आकडे घ्या ना लिहून.

तिसरं, संध्याकाळी नाशिकला आलं की आपोआप सिंक होईल म्हणतात. फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपच बंद करून टाकतो. सकाळी मालक विचारतो, काल गेला होतास का?

मखमलाबादकर:
घाटवाट, तिन्ही मुद्दे शंभर टक्के. लॉगिन किती दिवस धरायचं ते लाइन बघून ठरवायला हवं, आणि मुदत संपली तरी नवी नोंद घेणं थांबवायचं नाही, फक्त पाठवणं थांबवायचं. नोंद घ्यायला फोनचा पिन पुरे.

सिंकबद्दल. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन पडून राहिला की मागची कामं लांबवतोच, आणि काही कंपन्यांचे फोन त्याच्या वर स्वतःची कात्री चालवतात. म्हणून ‘आपोआप’वर विसंबायचं नाही. पहिल्याच पानावर ठळक दाखवायचं, ‘पाठवायच्या बाकी ७’, आणि खाली बटण. हे लिहिताना लक्षात येतंय की मिसळ जे म्हणत होता त्याच्या जवळच मी येऊन ठेपलोय. नेटचा विचार नको, पण काय पोचलं आणि काय नाही हे दिसलंच पाहिजे.

निफाडची_सून:
द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, सीझनला दोन्ही पाळ्या. कोल्ड रूममध्ये अ‍ॅप चालायलाच हवं, त्यात वादच नाही. दारापर्यंत जाऊन क्रेट स्कॅन करून परत यायचं म्हटलं तर बाया हसतात.

पण ऐका. ऑफिसमधून अकराला एक प्लॉट, म्हणजे एका बागेचा माल, होल्डवर टाकला, मण्यांना तडे होते म्हणून. आत असलेल्या मुलीच्या फोनमध्ये सकाळी उतरवलेली यादी. तिच्या यादीत तो प्लॉट ‘चालू’. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच प्लॉटचे क्रेट हिरव्या टिकेसकट आत चाललेले. युरोपच्या मालाला अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेटवर प्लॉटपासून खोक्यापर्यंतचा माग ठेवावा लागतो, त्यामुळे नंतर ते क्रेट शोधून काढता आले. पण एकदा पॅलेट रचलं की मधलं खोकं काढणं काय असतं ते ज्याने काढलंय त्यालाच माहीत.

म्हणजे क्रेटची नोंद ऑफलाइन चालेल, परवानगी चालणार नाही. आम्ही आता यादीवर मोठ्या अक्षरात वेळ टाकून घेतलीय, ‘ही यादी ८:१० ची आहे’. दोन तासांवर गेली की स्क्रीन पिवळी होते आणि मुलगी दार उघडून बाहेर येते. धावपळ होते, पण होऊ दे.

जावा_मिसळ:
ताई, दोन तासांची मुदत ठरवणं हेच खरं डिझाइन. ते प्रोग्रामरला सुचणार नाही, तुम्हालाच सुचणार.

आता माझा राहिलेला आक्षेप. ऑफलाइन म्हणजे सगळी गिऱ्हाइकं, भाव, उधारी सेल्समनच्या खिशात. तो उद्या शेजारच्या एजन्सीत गेला की यादीसकट गेला. आणि फोन हरवला किंवा कुणी ‘क्लिअर डेटा’ दाबलं की न पाठवलेल्या ऑर्डरी गेल्या. ब्राउझरमधलं स्वस्त अ‍ॅप घ्याल तर आणखी गंमत. आयफोनच्या सफारीत सात दिवस त्या साइटला हात लागला नाही तर तिने साठवलेला डेटा सफारी स्वतःच पुसते.

मखमलाबादकर:
त्याच्या लाइनचीच गिऱ्हाइकं उतरवायची, सगळ्या जिल्ह्याची नाही. डेटाबेस कुलूपबंद ठेवायचा, एस्क्यूलसायफर त्यासाठीच आहे. पण खरं सांगू? यादी त्याच्या डोक्यात असतेच. न पाठवलेल्या ऑर्डरींचा धोका आहे, तो शून्य होत नाही. वही पावसात भिजायची, तसाच.

तेलडबा:
पैशाचं कुणी बोललं नाही अजून. ‘यूपीआय मिळाले’ हे बटण ऑफलाइन नको म्हणजे नको. दुकानदार स्क्रीनशॉट दाखवतो, पोरगा टिक मारतो, आणि पैसे आलेलेच नसतात. अ‍ॅपने ‘सांगितले, तपासायचे’ एवढंच लिहावं. रोख आणि चेक खुशाल घ्या ऑफलाइन.

आणि भाव! तेलाचा भाव रोज हलतो. पोराच्या फोनमध्ये कालचा, डब्यामागे तीस-चाळीसचा फरक. दुकानदार म्हणणार, तुमच्याच माणसाने लिहिलाय, त्याच भावाने द्या. हा फरक कोण सोसणार, अ‍ॅपवाला?

मखमलाबादकर:
अ‍ॅपवाला नाही सोसणार. ऑर्डरबरोबर भावपत्रकाचा नंबर जातो, त्यामुळे कुठला भाव बघून घेतली ते कळतं. पुढे कुणी सोसायचं ते तुम्ही ठरवा, मी कोडमध्ये नाही ठरवू शकत.

तेलडबा:
मग मी असं ठरवतो. सकाळी उतरवलेला भाव त्या रात्रीपर्यंत पक्का, फरक माझा. दुसऱ्या दिवशी भाव उतरला नाही तर ऑर्डर घ्यायची, पण भावाचा रकाना कोरा. घाटवाट, तुमच्या लाइनला दुकानदार कोऱ्या भावावर ऑर्डर देतील का?

घाटवाट:
तेलाला नाही देणार. साबण-बिस्किटावर एमआरपी छापलेली असते, तिथे देतील.