पुण्याहून दिवसभरात जाऊन येता येतील असे कायदेशीर कच्चे रस्ते सुचवा

नवी_जिमनी
मंडळी, दिवाळीत जिमनी (मारुतीची फोर बाय फोर) घरी आली. फोर-एलचा, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा दांडा अजून सोसायटीच्या पार्किंगपलीकडे हलवलेला नाही. इन्स्टावर बघावं तर जो तो समुद्रात नाहीतर नदीत गाडी घालतोय, आणि आठवड्याभरात त्यातल्याच कुणाचीतरी ‘गुन्हा दाखल’ अशी बातमी येतेय. मला तसली हौस नाही. बायको, मुलगी आणि आईला घेऊन सकाळी निघावं (गाडीत चारच मावतात), मातीच्या, खडकाळ वाटेनं दोन-तीन तास चालवावी, डबा खावा, अंधार पडायच्या आत घरी. बास. पण कच्चा रस्ता दिसला की तो सरकारी, कुणाच्या शेतातला की वनखात्याचा, हे ओळखायचं कसं? गूगलवर सगळ्या रेघा सारख्याच.

बुलेटराजा
एवढा विचार कशाला? कोकणातला कुठलाही बीच गाठा. ओहोटीला वाळू कडक असते. सगळेच जातात.

मुरूमखडी
बुलेटराजा, सगळे जातात आणि भरती लागली की गावातल्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडतात. ठिकठिकाणी किनाऱ्यावर गाड्या न्यायला प्रशासनाची बंदी आहे. वर गाडी गरागरा फिरवलीत तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं. गोव्यात २००१ च्या पर्यटन स्थळ संरक्षण कायद्याखाली कारवाई होते. आणि वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं वरून दिसत नाही. चाकांनी वाळू दाबली जाते, चर पडतात, आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं त्या चरात अडकतात. तेव्हा बीच हा विषय या धाग्यात नको.

आता धागाकर्त्यांसाठी. आपल्याकडे ‘गाडी घालायला परवानगी आहे’ अशी पाटी कुठे लावलेली नसते. म्हणून रस्ता न शोधता आधी जमीन कुणाची ते शोधायचं, आणि ते कळतं गाव नकाशात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून नक्कल मिळते. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीरस्ता, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. गाडीरस्त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते सरकारच्या मालकीचे, त्यामुळे दुहेरी रेघेवरून तुम्हीही जाऊ शकता. एकेरीवर जिमनी मावते म्हणून घालू नका. गट नंबर बघायला महाभूनकाशाची साइट पुरते.

इथे एक खोच आहे. बांधावरून गेलेले काही रस्ते तहसीलदारांनी कलम १४३ खाली किंवा १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या रानात जाण्यासाठी दिलेले असतात. बघायला अगदी पाणंदीसारखेच (पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारा सार्वजनिक कच्चा रस्ता). पण तो हक्क त्या शेतकऱ्याचा, आपला नाही. गाव नकाशात रेघ नसेल तर विचारल्याशिवाय आत जायचं नाही.

वनहद्दीवर दगडी बुरूज असतात, ते दिसले की थांबा. राखीव वनात १९२७ च्या वन अधिनियमाचं कलम २६ आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २७ लागतं, आणि तिथे ‘रस्ता होताच की’ हे उत्तर चालत नाही. उन्हाळ्यात उघडा पडलेला धरणाचा तळ ही आणखी एक फसवी जागा. जमीन जलसंपदा खात्याची, आणि वरून भेगाळलेली वाटली तरी हातभर खाली ओला गाळ असतो.

जागा सांगायच्या तर पहिल्यांदा पैसे भरून चालवायच्या खासगी ट्रॅकवर जा. मुळशी-लोणावळा पट्ट्यात सापडतील. शेजारी शिकवणारा बसतो, अडकलात तर तोच काढतो. एकदा दांड्याची भीती गेली की लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला जाणारा रस्ता घ्या. तो त्या गावाचा रोजचा रस्ता आहे, आपण पाहुणे. हिवाळ्यातला मधला वार निवडा. काजव्यांच्या दिवसांत तिकडे फिरकूच नका, गर्दीमुळे वनखात्याला रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घालावे लागलेले आहेत.

आई आणि मुलगी बरोबर असतील तर मला सगळ्यात आवडणारा पर्याय म्हणजे इंदापूरजवळचं कडबनवाडी नाहीतर बारामतीजवळचं शिर्सुफळ. वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. ऑनलाइन बुकिंग, स्थानिक गाईड, वाटा ठरलेल्या. फोर-एल लागणार नाही, पण चिंकारा दिसतील, नशीब असेल तर लांडगाही.

शिवेवरचा
आम्ही इंदापूरकडचे. मुरूमखडींनी कागदाचं बरोबर सांगितलं, आता रानातलं ऐका.

पाणंदीतनं जायला तुम्हाला कुणी ना म्हणणार नाही दादा, पण कधी येता ते महत्त्वाचं. आमची काळी माती. जून ते दिवाळी एकदा चार-पाच गाड्या चिखलातनं गेल्या की चाकोरी पडते, ती वाळून दगड होते, आणि पुढे वर्षभर आमची बैलगाडी नि मोटारसायकल त्यात आपटते. सरकारच्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेतनं काही पाणंदींवर मुरूम पडलाय, बाकीच्या आहेत तशाच. माती पूर्ण वाळल्यावर या.

पण तेव्हाच ऊसतोडही जोरात असते. समोरून दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर आला तर तो मागं जाऊ शकत नाही. मागं तुम्हालाच जायचंय, ते पण कुणाच्या गव्हात न शिरता. चार-पाच गाड्यांची वरात घेऊन आलात तर सगळ्यांनाच मागं जावं लागतं, म्हणून दोनपेक्षा जास्त गाड्या आणू नका. आडवा पाइप दिसला तर उतरून बघा. ठिबकची नळी असली तर उचलून बाजूला घ्या, नाहीतर गेले आमचे पैसे. वाटेत काटेरी फांदी आडवी लावलेली असली तर ती गुरांसाठी असते. काढलीत तर परत लावा. कॅनॉलच्या भरावावरचा रस्ता पाटबंधारे खात्याचा, तिथं जाऊ नका. आणि वेग! धुरळा जाऊन फुलांवर, डाळिंबावर बसतो. व्यापारी काय तुमची जिमनी बघून जास्त भाव देत नाही.

गावात शिरल्यावर पारावर दोन मिनिटं थांबा. ‘हा रस्ता कुणाच्या वावरातनं जातोय का?’ एवढंच विचारा. चहा मिळेल, आणि पुढं गाडी रुतली तर ट्रॅक्टरही. डिझेलचे पैसे मात्र न मागता द्या.

सडाकरीण
रत्नागिरीहून लिहितेय. या धाग्यावर उद्या कुणीतरी सड्याचं, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या कातळपठाराचं नाव घेणार, म्हणून आधीच सांगते. सडा सपाट, मोकळा, कुंपण नाही, म्हणून गाडीवाल्यांना वाटतं आयतं मैदान आहे. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत. गडगा (दगडी बांध) पडका दिसला तरी तो कुणाचातरी असतो. आणि पायाखालच्या जांभ्यात कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण ही माहीत असलेली ठिकाणं झाली. नवी अजूनही सापडताहेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खोदकाम उथळ आहे, दुपारच्या उन्हात उभं राहूनही पटकन दिसत नाही, मग चालत्या गाडीतून काय दिसणार? गाडी डांबरीवर ठेवा आणि चालत या.

थेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये जुनी लँड रोव्हर डिफेंडर चालवतो. इकडे हा प्रश्न नकाशावरच सुटतो. १:२५,००० च्या नकाशावर हिरव्या अधिक-चिन्हांची रांग असेल तर ती वाट सगळ्या वाहनांना खुली. नुसत्या हिरव्या तुटक रेघेवर गाडी नेली की गुन्हा, १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याचं कलम ३४. पण २ मे २००६ ला नवा कायदा लागू झाला आणि ज्या वाटांवर मोटारींचा हक्क नोंदवलेला नव्हता, त्यातल्या बहुतेकांवरचा तो एका दिवसात गेला. उरलेल्यांवर चिखल करणाऱ्यांमुळे बंदीचे आदेश येत राहतात. रिजवे ही एव्हबरीजवळून निघणारी प्राचीन वाट, तिचे मोटारींना खुले असलेले भागही हिवाळाभर बंद ठेवतात. इथले क्लबवाले स्वतःच ओल्या दिवसात जाऊ नका म्हणून सांगतात. शिवेवरचा यांनी लिहिलंय तेच.

बुलेटराजा
ठीक आहे, बीच मागे घेतला. पण गाव नकाशा घेऊन ऑफ-रोडिंग म्हणजे पिकनिकला वकील घेऊन जाण्यासारखं आहे राव.

नवी_जिमनी
बुलेटराजा 😄 माझ्या आईला ते आवडेल, ती निवृत्त अव्वल कारकून आहे, तीही महसूल खात्यातली. नकाशा तीच वाचेल.

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: आधी खासगी ट्रॅक, मग शिर्सुफळ, राजमाची जानेवारीत. दोन शंका उरल्यात. टायरमध्ये हवा किती ठेवायची, आणि काही झालं तर विमा मिळतो का?

मुरूमखडी
खडकावर हवा २० ते २२ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर दगडाला धरून चालतो, पाठही वाचते. पण डांबरीवर चढण्याआधी पुन्हा भरायची, म्हणजे बारा व्होल्टचा कंप्रेसर आणि गेज गाडीत हवंच. दोर बांधायचा तो गाडीच्या मूळ हुकाला. बाजारातून लावलेल्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही, तो तुटून गोळीसारखा सुटतो.

विम्याचं तुमच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असं एक कलम असेल ते वाचा. शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांत झालेलं नुकसान त्यात वगळलेलं असतं. म्हणून क्लबची स्पर्धा वेगळी आणि गावरस्त्यावरून जाणं वेगळं. इंजिनात पाणी जाऊन बिघाड झाला तर साध्या पॉलिसीत सहसा काही मिळत नाही, इंजिन संरक्षणाचा वेगळा पर्याय घ्यावा लागतो. तसंही ओढ्यात उतरायचं कारण नाही.

आणखी एक, फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. तुमची पेट्रोल असली तरी खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) इतका तापतो की गवत पेटतं. डबा खायला मोकळी, मुरमाची जागा बघा. तिथेही आधी खाली बघा, टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते.

नवी_जिमनी
नोंद केली. मग येत्या शनिवारी पुरंदरला जाऊन भूमी अभिलेखमधून दोन गावांचे नकाशे घेऊन येतो.

शिवेवरचा
शनिवारी सरकारी कचेरी बंद असते दादा. शुक्रवारी जा, आणि जेवणाच्या सुट्टीआधी पोचा. आईंना घेऊन गेलात तर काम लवकर होईल.