उ. : धुळ्याच्या गल्ल्या आणि रुंदीकरण

वर एका भाऊंनी लिहिलंय की धुळं मुळातच आखून वसवलेलं शहर, मग रस्ते रुंद झाले तर ओळख पुसण्याचा प्रश्न येतोच कुठे? पहिला भाग बरोबर आहे. 1818 नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं इथे आणलं, नवी पेठ सरळ रेषेत आखली. आजही आपण पत्ता सांगताना नाव नाही, आकडाच सांगतो: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच.

पण आखणी साहेबाची, वापर लोकांचा. रुंदीकरणात आधी जातो तो ओटा. कागदावर ते अतिक्रमण (बऱ्याचदा असतंही, उगाच कशाला नाही म्हणा). त्याच ओट्यावर उन्हाळ्यात खाटा टाकून कुरडया-पापड वाळतात आणि पलीकडच्या काकू कावळे हाकतात.

आपल्या खानदेशातल्या कानबाई या देवीचं बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी अख्खी भाऊबंदकी एका घरी जमते, रोटांचा स्वयंपाक होतो, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक. रुंदीकरणात जुनं घर गेलं आणि एक भाऊ देवपुरात, दुसरा साक्री रोडला फ्लॅटमध्ये गेला की आधी वाद होतो तो कानबाई बसवायची कुणाकडे याचा. सोसायटीच्या पार्किंगमध्येही बसते म्हणा, देवी काही अडून राहत नाही.

खरा मुद्दा भाडेकरूंचा आहे, आणि त्यावर इथे कुणीच बोललं नाही. जागेचा मोबदला किंवा टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) निघतो तो मालकाच्या नावावर. दुकान दोन पिढ्या चालवणारा शिंपी मात्र हात हलवत परत. रुंदीकरणाचा नकाशा मंजूर होण्याआधी हरकती मागवतात, तेव्हा त्यानेही लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.